जेवताना पडदा

रात्री पुन्हा कुब्रिकचा ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ लावला, तोही मोबाइलवर. चित्रपट १९६८चा. त्यात दोन अंतराळवीर जेवतायत. टेबलावर सपाट पडदे, दोघांची नजर त्यातच, एकमेकांशी अवाक्षर नाही. मी घास हातात धरून बघत राहिलो, ताटातला वरणभात गार! चित्रपटातली गुरू ग्रहापर्यंतची मोहीम सोडा, हे जेवण मात्र कुब्रिकनं बरोबर हेरलं. समाजमाध्यमांनी घरं मुकी केली, ही ओरड मला अर्धीच पटते. आमच्याकडे आधी रेडिओ होता, मग टीव्ही. (तेव्हा निदान पडदा सगळ्यांत मिळून एकच असायचा.) तेवढ्यात आतल्या खोलीतून बायकोचा व्हॉट्सॲप: ‘ताक हवंय का?’ मी अंगठा पाठवला. ताक काही आलं नाही.