परसातील गादीवाफे

कोकणातील पाऊस मोठा उदार. रत्नागिरीकडे वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तोही जवळजवळ सगळा ४ महिन्यांतच. सपाट जमिनीत पाणी साचले, की मातीतील हवा निघून जाते आणि मुळे गुदमरून कुजतात.

वर्षाची भाजी परसातूनच यावी, असा एका घरातील आजीचा कटाक्ष होता. एके वर्षी नातवाने मिरचीची रोपे सपाटीवर लावली. आषाढातल्या झडीत सगळ्या रोपांनी माना टाकल्या. घरात मिरची विकत आली. मुलगा खाली मान घालून जेवला. आजी रागावली नाही. "बाळा, रोपाला पाणी हवे, पण पाण्यात बसवू नये," एवढेच म्हणाली.

पुढच्या वैशाखात दोघांनी गादीवाफे घातले. रुंदी २ हात; म्हणजे दोन्हीकडून मध्यापर्यंत हात पोचतो, पाय देऊन माती दाबावी लागत नाही. उंची वीतभर. कडेला जांभ्याचे चिरे, आत शेणखत आणि कुजलेला पाला. दोन वाफ्यांमधले चर उताराकडे नेले. खरे काम या चरांचेच. वाफा म्हणजे त्यांतून निघालेली माती!

श्रावणात भेंडी आली, मांडवावर पडवळे लोंबू लागली. पाऊस सरल्यावर मात्र उंच वाफे भराभर वाळू लागले. मुलगा गोंधळला. आजीने त्याच्या हाती कुदळ दिली. आता वाफे खोलगट करायचे होते. न्हाणीचे पाणी त्यांत अडवून मुळा, माठ लावायचा होता.

मार्गशीर्षात अंगणात लाल मिरच्या वाळत होत्या आणि मुलगा कोंबड्या हाकीत बसला होता.