हुळहुळणे : त्वचा, शब्द आणि साक्ष

मराठी समीक्षेत ‘संवेदनशील’ हे विशेषण आपण इतक्या सढळ हाताने वापरतो की आता ते कोणत्याही कवीला लावले तरी चालून जाते. तेथे तो शब्द गौरवाचा असतो. औषधाच्या दुकानात मलमाच्या नळीवर ‘संवेदनशील त्वचेसाठी’ असे छापलेले दिसते, तेव्हा मात्र तोच शब्द एका तक्रारीचे नाव होतो. मनाला अधिक जाणवले तर तो गुण आणि कातडीला अधिक जाणवले तर तो विकार, असा हा भेदभाव आहे. या तक्रारीसाठी मराठीच्या बोलण्यात एक अस्सल क्रियापद पूर्वीपासून आहे : हुळहुळणे. वरून फारसे काही दिसत नाही, पण साधा स्पर्शही सोसवत नाही, अशी अवस्था त्या एका शब्दात मावते.

हा शब्द आम्हांला पुन्हा भेटला तो नागापुरात. अहमदनगरहून, म्हणजे आताच्या अहिल्यानगरहून, मनमाडच्या रस्त्याने निघाले की हे गाव लागते. सीना नदी जवळून वाहते आणि गावाला लागूनच औद्योगिक वसाहत पसरली आहे. आमच्या शेजारचे गृहस्थ तेथील एका कारखान्यात लेथवर काम करीत. दिवसभर हातांवर कूलंटचे दुधट पाणी, त्यात लोखंडाचा बारीक बुर. सुटी झाली की ग्रीस काढण्यासाठी आधी रॉकेलचा बोळा, मग कपडे धुण्याची पावडर, वरून लिंबाची फोड. एकदा ते म्हणाले, “सर, हात नुसते हुळहुळत्यात बघा. भाकरीचा घास धरवत नाही.” हात आम्ही पाहिले. थोडे कोरडे होते, इतकेच. कारखान्यातील साहेबांनीही ते पाहिले होते आणि “दिसत तर काही नाही” असे म्हणून विषय संपवला होता. जे दिसत नाही ते नाही, हा न्याय कारखान्यात चालतो. साहित्याच्या अभ्यासकाला तो मान्य करता येत नाही.

विज्ञान या हुळहुळण्याबद्दल काय सांगते ते पाहू. त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत, चपट्या पेशींचा असतो. बहुतेक ठिकाणी त्याची जाडी मिलिमीटरचा जेमतेम पन्नासावा भाग, किंवा त्याहूनही कमी. पीटर इलायस या त्वचावैज्ञानिकाच्या लेखनामुळे या थरासाठी विटांच्या भिंतीचे रूपक रूढ झाले. पेशी म्हणजे विटा आणि त्यांच्यामधला चुना म्हणजे सेरामाइड, कोलेस्टेरॉल व मेदाम्ले. आतले पाणी बाहेर जाऊ नये आणि बाहेरचा त्रास आत येऊ नये, ही दोन्ही कामे हा चुना करतो. शाडे आणि मार्किओनिनी या जर्मन संशोधकांनी १९२८ साली दाखवून दिले की त्वचेच्या पृष्ठभागावर एक सौम्य आम्लाचे कवच असते. त्याचा पीएच साधारण ५ च्या आसपास असतो, आणि चुना घडवणारी विकरे याच आम्लतेत नीट काम करतात. साबणाचा पीएच ९ ते १०. कूलंटही अल्कधर्मीच असते, कारण लोखंड गंजू नये म्हणून ते तसे ठेवावे लागते. म्हणजे जे लोखंडाचे रक्षण करते तेच हाताचा चुना सैल करते. रॉकेल उरलासुरला मेद विरघळवते. लिंबू आम्लच असले तरी त्याचा पीएच २ च्या जवळ असल्याने ते कवच होत नाही, उघड्या भेगांत झोंबते. त्यात बोअरचे जड पाणी साबणाचा साका त्वचेवर ठेवून जाते, आणि पर्जन्यछायेतल्या या जिल्ह्याची कोरडी हवा आतले पाणी ओढत राहते. यांतले कोणतेही एक कारण एकट्याने फारसा घात करीत नाही. रोजची भर मात्र करते.

भिंत सैल झाली की तिच्यामागचे मज्जातंतू उघड्यावर येतात. त्यांच्या टोकाशी टीआरपीव्ही१ नावाचा ग्राहक असतो. सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या पुढची उष्णता आणि मिरचीतले तिखट द्रव्य, दोन्ही त्याला सारखेच कळतात. त्याच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ च्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला. आपण मिरची ‘झोंबली’ म्हणतो, हाताची ‘आग झाली’ म्हणतो, ते निव्वळ अलंकारिक बोलणे नव्हे, असा याचा अर्थ.

आम्हांला सर्वांत विचारात पाडणारी गोष्ट याच्या पुढची आहे. १९७७ साली फ्रॉश आणि क्लिगमन यांनी संवेदनशील त्वचा ओळखण्याची एक चाचणी मांडली. गालावर लॅक्टिक आम्ल लावायचे आणि किती चुरचुरते, ते त्या माणसालाच विचारायचे. २०१७ मध्ये खाजेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंचाने या त्वचेची व्याख्या केली. एरवी ज्यांनी त्रास होऊ नये अशा गोष्टींनी चुरचुर, आग, वेदना, खाज किंवा मुंग्या येणे, आणि त्वचा वरून अगदी प्रकृत दिसली तरीही. सूक्ष्मदर्शकाच्या युगातही हे निदान मुख्यत्वे रुग्णाच्या शब्दांवर उभे आहे. तेथे पुरावा म्हणजे साक्ष.

अर्थात साक्ष नीट वाचावी लागते. हुळहुळणे वेगळे, खाज वेगळी. पुण्यात १९५० च्या दशकाच्या मध्यास प्रथम नजरेस आलेले आणि पुढे देशभर माजलेले गाजर गवत आठवा. त्यातल्या पार्थेनिन या द्रव्याची ॲलर्जी झालेल्या माणसाच्या पापण्या, मान, कोपरांचे सांधे खाजून जाड होतात. तेथे शरीराची प्रतिकारयंत्रणा एका द्रव्याला शत्रू म्हणून लक्षात ठेवते आणि मग अल्पसा स्पर्शही पुरतो. आमच्या शेजाऱ्यांच्या हातांत असली स्मृती नव्हती, केवळ झीज होती. त्वचारोगतज्ज्ञांनी त्यांना पहिला प्रश्न विचारला तो असा : “दिवाळीच्या सुटीत हात कसे असतात?” ते म्हणाले, “लई बरे असत्यात.” त्या उत्तराने निदानाची दिशा ठरली.

उपचारही अलंकाररहित होता. रॉकेल, पावडर आणि लिंबू बंद. कोमट पाणी, साबणाऐवजी बिनवासाचे सौम्य द्रावण, आणि प्रत्येक वेळी हात धुतल्यावर, ओल असतानाच, साधी पेट्रोलियम जेली. हातमोजे सुचवता येईनात, कारण फिरत्या लेथवर मोजा अडकला तर हातच ओढला जातो. उरला कूलंटचा प्रश्न. उन्हाळ्यात त्यातले पाणी उडून ते अधिक तीव्र होते. ते वेळोवेळी मोजून पाणी घालणे हे कारखान्याचे काम होते, कामगाराच्या हातचे नव्हते. वरचा थर साधारण दोन आठवड्यांत नवा येतो. तेवढ्या काळात आग बरीच उतरली. कूलंट मात्र कोणी मोजले नाही आणि पुढच्या चैत्रात हात पुन्हा हुळहुळू लागले.

या हातांनी आमच्या मनातल्या ‘संवेदनशील’ या शब्दाची थोडी झाडाझडती घेतली. जाणीव तीव्र होते ती कातडी उपजतच नाजूक असते म्हणून असे नेहमीच नव्हे. बहुधा रोज कोणीतरी तिचा चुना काढून नेत असते म्हणून ती तीव्र होते. त्यामुळे एखाद्या लेखकाला आपण ‘संवेदनशील’ म्हणतो तेव्हा त्याला काय जाणवते एवढेच विचारून थांबणे अपुरे आहे. त्याची भिंत कशाने झिजली आणि ती झिजवणारे अजून चालूच आहे का, हेही विचारावयास हवे. आणि ज्याच्या हातावर काहीच दिसत नाही तो ‘हुळहुळतंय’ म्हणाला, तर आधी त्या शब्दावर विश्वास ठेवावयास हवा. तपासणी त्यानंतर सुरू होते.