उलट घंटा नाही

त्याला तीन तारा असतात. तपकिरी, तांबडी आणि नारिंगी. पहिल्या दोन तारांतून त्याला वीज मिळते, नारिंगीतून हुकूम येतो. चौथी तार नाही. असती तर तिच्यातून तो काहीतरी कळवू शकला असता: ऐकलं, केलं, दमलो, आता जमत नाही. सर्व्हो हुकूम घेतो आणि उत्तर देत नाही. त्याच्या स्वभावातली हीच गोष्ट मला पहिल्यांदा खटकली.

खटकण्याचं कारण घरातलं आहे. माझे वडील भरवेलीच्या मँगनीज खाणीत वाईंडिंग इंजिनावर होते. बालाघाटहून सायकलने जायचे, पाळी संपली की सायकलनेच परतायचे. खाणीत पिंजरा उतरवायचा-चढवायचा तो घंटेच्या खुणांवर. खालून तीन ठोके आले म्हणजे माणसं चढणार. पण तेवढ्याने कुणी पिंजऱ्यात पाय टाकत नसे. इंजिनावरच्या माणसाने तीच खूण परत वाजवायची, मग चढायचं. ही उलट घंटा आमच्या घरात भाषेचा भाग झाली होती. आई स्वयंपाकघरातून हाक मारायची, आम्ही नुसतं ऐकून बसायचो, की ती म्हणायची, "उलट घंटा कुठाय रे?"

शेजारचा मुलगा नागपूरला इंजिनियरिंग शिकतो. दिवाळीला आला तेव्हा त्याने माझ्या तळहातावर एक निळी, आरपार दिसणारी डबी ठेवली. नऊ ग्रॅम वजन. काडेपेटीतही मावावी एवढी. वर एक पांढरा दांडा, त्याला भोकं. मी विचारलं, "हा काम झाल्याचं सांगतो का?"

"नाही जी काकाजी. हा फक्त ऐकते."

त्या दिवसापासून मी या प्राण्यावर नजर ठेवून आहे.

डबी उघडली की आत फारसं काही नाही. एक लहानशी मोटर, तिच्यापुढे दातेरी चाकांची उतरंड, शेवटच्या चाकाखाली एक फिरता रोधक आणि बोटभर सर्किट. मोटर वेगाने फिरते पण तिच्यात दम नाही. चाकांच्या उतरंडीतून वेग कमी होत जातो आणि जोर वाढत जातो. खालचा रोधक सर्किटला सतत सांगत असतो की दांडा आत्ता कुठल्या कोनात आहे. म्हणजे बघा, हा आतल्या आत स्वतःशी अखंड बोलतो. बाहेर मात्र तोंड उघडत नाही.

त्याला एकच भाषा येते. आमच्याकडे घरात मराठी, बाजारात हिंदी आणि गल्लीत पोवारी चालते. याचं सगळं व्याकरण एका मिलिसेकंदात मावतं. सेकंदाला 50 वेळा नारिंगी तारेतून विजेचा एक ठोका येतो. ठोका एक मिलिसेकंद टिकला तर दांडा एका टोकाला, दोन मिलिसेकंद टिकला तर दुसऱ्या टोकाला, दीड मिलिसेकंद टिकला तर मध्यावर. ठोक्याची लांबी आणि आपला कोन यांत फरक दिसला की मोटर चालू, फरक मिटला की बंद. खाणीतल्या घंटेशी ही बोली नात्याने जवळची आहे, फक्त तिथे ठोके मोजायचे आणि इथे ठोक्याची लांबी.

नाव लॅटिनमधल्या 'सेर्वुस'वरून आलं, अर्थ गुलाम. 1866 मध्ये 'ग्रेट ईस्टर्न' या अवाढव्य जहाजाच्या सुकाणूला जॉन मॅकफार्लेन ग्रे यांचं वाफेचं यंत्र बसलं. चक्र माणसाने फिरवायचं, जोर वाफेने लावायचा, आणि सुकाणू चक्राएवढं वळलं की यंत्राने आपोआप थांबायचं. पुढे फ्रान्सच्या जोसेफ फार्को यांनी अशा यंत्रांवर पुस्तक लिहिलं, 1873 साली, आणि 'सर्व्होमोटर' हा शब्द रुळला. मला गुलाम हा शब्द पटत नाही. गुलामाला कामाचा जाब नसतो, धाक असतो. हा सालगड्यासारखा आहे. पाडव्याला गडी ठेवताना आमचे लोक त्याच्या दंडाकडे बघतच नाहीत. सांगितलेलं काम करून वेळेवर जागेवर येतो का, हे चार घरी विचारतात.

सर्व्हो निवडतानाही हेच विचारायचं असतं, आणि बहुतेक जण दंडच बघतात.

रेडिओवर चालणाऱ्या विमानांत आधी हा नव्हताच. त्याच्या जागी पीळ दिलेल्या रबराने चालणारी एक खिटी असे. बटण एकदा दाबलं की सुकाणू पूर्ण डावीकडे, सोडलं की मध्ये, पुन्हा दाबलं की पूर्ण उजवीकडे. थोडंसं डावीकडे असा प्रकारच नव्हता. सर्व्होने 'थोडंसं' आणलं. म्हणून त्याची किंमत जोरापेक्षा नेमकेपणात आहे, हे एकदा मनात ठसलं की बाकीचं सोपं जातं.

शेजारच्या त्या मुलाचं विमान फोमचं जेट. पोटात नळी, नळीत विजेवर फिरणारा पंखा. खऱ्या टर्बाइनचं स्वप्न आहे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस जर्मनीच्या कुर्ट श्रेकलिंग यांनी घरच्या घरी मॉडेलपुरतं टर्बाइन चालवून दाखवलं, तेव्हापासून हातभर लांबीचं इंजिन केरोसीनवर मिनिटाला लाखभर फेरे घेतं. ते अजून त्याच्या खिशाबाहेर आहे. पण शेपटीला त्याने तेच निळे नऊ ग्रॅमवाले बसवले होते, कारण शंभर-सव्वाशे रुपयांत येतात आणि आधीच्या संथ विमानात दोन वर्षं त्यांनी तक्रार केली नव्हती.

तक्रार ते करतच नाहीत, हे मी म्हणालो होतो.

धान कापून झालं की वैनगंगेच्या काठच्या बांध्या मोकळ्या होतात. बिरसीच्या धावपट्टीवरून उडालेली शिकाऊ विमानं या भागावरून जातात, त्यामुळे पोरांना आभाळाचं वेड आहेच. (ड्रोन नियम, 2021 प्रमाणे छंदाचं मॉडेल 25 किलोपर्यंतचं आणि नजरेच्या टप्प्यातलं हवं, आणि उडवण्याआधी ड्रोनसाठीच्या नकाशावरचा रंग बघायचा. आमच्या जिल्ह्यात ठाण्यालाही आधी सांगून ठेवलेलं बरं, नंतरचे खुलासे लांबतात.) पहिली चक्कर छान गेली. दुसऱ्या चकरीला त्याने पूर्ण वेग देऊन जेट खाली आणलं आणि वर उचलायला गेला. शेपटीतून फर्र असा आवाज आला, दूर कुणी पत्रा हलवावा तसा. सेकंदभरात शेपटीचा पंख वेगळा आणि बाकीचं जेट धसकटात.

मी डबी घरी आणून भिंग लावलं. नायलॉनचे दाते शाबूत होते, एक सोडून. त्या एका दात्याची कड झिजली होती आणि दांडा बोटाने दोन्हीकडे किंचित हलत होता. केसाएवढा.

त्या केसाची गोष्ट अशी. वेग दुप्पट झाला की शेपटीच्या हलत्या पट्टीवरचा हवेचा दाब चौपट होतो, तिप्पट झाला की नऊपट. ताशी 60 किलोमीटरला जो ढिलेपणा कुणाच्या लक्षात येत नाही, तो 180 ला पट्टीला फडफडायला जागा देतो. पट्टी एकदा फडफडू लागली की वाराच तिला आणखी हलवतो, आणि उडवणाऱ्याला हात हलवायलाही वेळ मिळत नाही. टर्बाइनवाली जेट ताशी 300 च्या पुढे जातात; अमेरिकेतल्या मॉडेल विमानवाल्यांच्या संघटनेने त्यांना ताशी 200 मैलांची, म्हणजे सुमारे 320 किलोमीटरची, मर्यादा घातली होती ती उगाच नाही.

मग जोराचा प्रश्न. सर्व्होचा जोर किलो-सेंटिमीटरमध्ये सांगतात. 20 म्हणजे आसापासून एक सेंटिमीटरवर 20 किलो तोलेल, दोन सेंटिमीटरवर 10. निळ्याचा जोर दोन किलोच्याही आत. टर्बाइन जेटच्या शेपटीला वीसच्या आसपास किंवा वरचा घेतात. पण हा आकडा कंपनी सांगते तो बहुतेक वेळा अडून बसलेल्या अवस्थेतला असतो, म्हणजे त्याहून एक तसूभर जास्त झालं की गडी हरला. रोजच्या कामाला त्याच्या निम्म्यावर भिस्त ठेवावी. आणि सर्व्होचा दांडा आखूड, पट्टीवरचं शिंग, म्हणजे सळई जोडायची खुंटी, लांब ठेवावं. आहे त्या जोरात जास्त काम निघतं आणि ढिलेपणाही लहान होऊन पट्टीपर्यंत पोचतो. हे फुकटचं आहे, तरी लोक करत नाहीत.

दात्यांबद्दल माझं मत मुलाशी जुळत नाही. तो म्हणतो, धातूचेच हवेत. जेटमध्ये हवेतच. पण धातूचा सर्व्हो जास्त विश्वासू असं त्याने समजू नये. नायलॉनचा दाता बहुधा कडकन तुटतो आणि कळतो. पितळेचा, पोलादाचा दाता हळूहळू झिजतो. तोही बोलत नाहीच, फक्त जास्त काळ गप्प बसतो. पुढच्या चाकाला वळवणाऱ्या सर्व्होला मात्र धातूला पर्याय नाही, कारण आमच्या धुऱ्यांवरून पळणाऱ्या चाकाचा प्रत्येक हिसका थेट त्याच्या दात्यांवर बसतो.

रोधकाचं दुखणं आणखी आतलं. त्यात कार्बनच्या पट्टीवर एक टोक घासत राहतं. विमान बहुतेक वेळ सरळ जातं, म्हणून टोक बहुतेक वेळ मध्यावर असतं, म्हणून पट्टी नेमकी मध्यावर झिजते. जिथे त्याने सर्वात खंबीर असायला हवं तिथेच तो आधी गडबडतो. वरच्या दर्जाच्या सर्व्होत आता घासणंच नाही, चुंबक आणि संवेदक कोन ओळखतात. पैसे तिथे घालावेत, डबीच्या चकचकीत ॲल्युमिनियमसाठी नाही.

डिजिटल प्रकार आला तेव्हा पोरांना वाटलं की याला अक्कल जास्त. अक्कल तीच, नेट जास्त. जुना ॲनालॉग सेकंदाला 50 वेळा स्वतःला सावरतो, डिजिटल तीनशेच्या आसपास. त्यामुळे मध्यावर घट्ट बसतो, आणि त्याच कारणाने उभ्या जागीही वीज खातो. शांत खोलीत ऐका, बारीक गुणगुण येते. मुलगा म्हणाला, "काकाजी, हा बसल्या बसल्या घुरघुरते." घुरघुरू दे. पण सळई कुठे अडत असेल, पट्टीला बिजागरी जड असेल, तर गुणगुण वाढते. माझ्या हिशेबी हीच त्याची एकमेव तक्रार आहे आणि ती कानानेच ऐकावी लागते. मोठा सर्व्हो अडला तर तीन-चार अँपिअर ओढतो. जेटमध्ये असे आठ-दहा असतात. दोघे-तिघे एकदम अडले आणि बॅटरी लेचीपेची असली, तर रेडिओचा रिसीव्हरच क्षणभर झोपतो. म्हणून जेटवाले दोन बॅटऱ्या ठेवतात.

रोबोच्या हातापायांतल्या काही सर्व्होंना आता उलट बोलता येतं: कोन, उष्णता, भार सगळं कळवतात. विमानातले बहुतेक मात्र अजून त्याच जुन्या तीन तारांवर आहेत. त्यांच्या मोटरमधली तार तांब्याची, केसासारखी बारीक. मलाजखंडचं तांबं आमच्याच जिल्ह्यातलं. ते त्या निळ्या डबीत नसेल, पण फुटलेली मोटर उलगडून ती तार उन्हात धरली तेव्हा ते आठवलं खरं.

सर्व्होची आणखी एक खोडी त्याच्या खांद्यात आहे, दांडा बसतो त्या आसावर. ती कंपनीगणिक वेगळी. परंपरेने फुताबाच्या आसावर 25 दाते, हायटेकच्या 24, जेआरच्या 23. एकाचा दांडा दुसऱ्यावर दाबून बसवला तर बसल्यासारखा वाटतो. जमिनीवर चालतोही.

नवीन जेटसाठी मुलाने शेपटीला प्रत्येक बाजूला एक असे दोन धातूचे सर्व्हो मागवले. आमची परीक्षा जेवणाच्या ताटाएवढ्या पुठ्ठ्यावर झाली. दांड्याला उदबत्तीची लांब काडी चिकटवली, म्हणजे कोन मोठा होऊन दिसतो. डावीकडून मध्यावर आणला, काडीच्या टोकाशी पेन्सिलची खूण. उजवीकडून मध्यावर आणला, पुन्हा खूण. पहिल्या सर्व्होच्या दोन्ही खुणा एकावर एक पडल्या. दुसऱ्याच्या खुणांत तांदळाचा दाणा मावला. मग वीज चालू ठेवून काडी बोटाने हलवून पाहिली: पहिला अडून बसला, दुसऱ्याने आधी थोडी वाट दिली आणि मग अडला. दोघांच्या खोक्यावर आकडे तेच, कंपनी तीच, किंमत तीच.

दुसरा परत गेला. बालाघाटात या मालाचं दुकान नाही, सगळं कुरिअरने येतं, आणि परतीची मुदत सहसा आठवडाभराची असते. तेव्हा खोकं आलं की त्याच दिवशी उघडा, काडी लावा आणि दोन्ही बाजूंनी मध्यावर आणून बघा.