कोंबड्याला आभाळ कळतं

सापडला! पंधरा दिवसांत आमची चार पिल्लं नेणारा चोर परवा सकाळी मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. आणि ती घार नव्हती!

आमच्या साताऱ्याकडच्या गावात पिल्लू गेलं की सगळे एकच म्हणतात, ‘घारीनं नेलं.’ मीही दिवसभर वर घिरट्या घालणाऱ्या घारींकडेच बघत बसायचे. शेजारच्या आक्का म्हणाल्या, ‘आभाळात काय बघतीस? कोंबड्याकडं बघ.’

म्हणून पहाटेच पायरीवर बसले. सातच्या सुमाराला कोंबड्याने मान वाकडी केली, एक डोळा वर लावला (डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना, त्यामुळे वर बघायला त्याला मान अशीच वाकडी करावी लागते) आणि बारीक, लांब चिरकला. क्षणात अंगण रिकामं! कोंबडी पिल्लांसकट तगरीखाली. मी त्या वाकड्या मानेच्या रोखाने पाहिलं. शेवग्याच्या दाट फांदीत कबुतराएवढा राखाडी पक्षी, छातीवर तांबूस आडव्या रेघा, डोळे लाल. शिक्रा! घार उघड्या आभाळात तरंगते, हा झाडात दबा धरतो. उडाला तेव्हा पंख आखूड नि गोलसर दिसले, शेपटी लांब, पट्ट्यापट्ट्यांची. घारीच्या शेपटीला मागे खाच असते. एवढी साधी खूण, आणि मी आजवर पाहिलीच नव्हती!

संध्याकाळी मांजर आलं. तोच कोंबडा, पण आवाज वेगळा: कॅक-कॅक-कॅक! या वेळी कुणी लपलं नाही, सगळ्या कोंबड्या माना ताठ करून इकडेतिकडे बघू लागल्या. आभाळातल्या शत्रूला एक शब्द, जमिनीवरच्याला दुसरा! मग वाचलं, की क्रिस इव्हान्स आणि पीटर मार्लर यांनी १९९३ मध्ये हेच दाखवलं होतं. शत्रू समोर नसताना नुसता आवाज ऐकवला, तरी कोंबड्या त्या-त्या शत्रूपुरतंच वागल्या. मी ते वाचून अंगणात धावत गेले आणि कोंबड्याकडे नुसती बघत राहिले.

शिक्रा ओळखताना मात्र फसायला होतं. पावशा पक्षीही दिसायला थेट शिक्र्यासारखा. चोच बघायची, शिक्र्याची आकडी असते. आणि रात्री कोंबडी गेली तर शिक्र्यावर आळ घेऊ नये. तो दिवसाचा शिकारी, मोठी कोंबडी उचलण्याएवढं बळही त्याच्यात नाही. मग मुंगूस, मांजर, घुबड बघावं.

गलोल मात्र उचलायची नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं शिक्र्याला संरक्षण आहे, आणि शेतातले उंदीर, सरडेही तोच खातो. पिल्लं मोठी होईपर्यंत डालग्याखाली, बांबूवर नायलॉनची जाळी ताणलेली, अंगणात लपायला झुडपं. चकचकीत फिती लावून पाहिल्या. चार दिवसांत पक्षी सरावतात. खरा राखणदार कडुलिंबावरची कोतवाल पक्ष्यांची जोडी. घारीच्या पाठीवर टोचे मारत ती तिला पार ओढ्यापलीकडे पिटाळते. त्या झाडाची फांदी मी आता कुणाला तोडू देणार नाही.

आज सकाळी कोंबड्याने मान वाकडी केली, तेव्हा मी आधीच वर बघत होते. शेपटीला खाच होती.