मिठाचे पोते आणि लॅपटॉप

पूर्णपणे बंद पडलेल्या यंत्राचा दोष शोधणे तुलनेने सोपे असते. कधी चालणारे आणि कधी न चालणारे यंत्र मात्र माणसाची परीक्षा पाहते. ते चालू असते तोवर दुरुस्तीची निकड वाटत नाही, आणि बंद पडते ते नेमके गरजेच्या वेळी.

पनवेलहून उरणमार्गे गेल्यावर लागणाऱ्या करंजा बंदरातील एका किराणा व्यापाऱ्याने हे एका पावसाळ्यात अनुभवले. माशांच्या प्रजननकाळामुळे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना समुद्रात जाण्यास बंदी असते. कोळी कुटुंबांत रोख येणे थांबते. तांदूळ, तेल, साखर उधारीवर जाते आणि हंगाम सुरू झाल्यावर ती फिटते. आजोबांच्या काळी ही उधारी लाल कापडी वहीत असे. आता ती लॅपटॉपमध्ये होती. उधारी सर्वांत वाढलेली असतानाच तो सकाळी सुरू होईनासा झाला. कळ दाबली की दिवा लागे, पंखा फिरे, पण पडदा काळाच राही. दुपारी मात्र तोच निमूटपणे सुरू होई.

दुरुस्तीच्या वातानुकूलित दुकानात तो दर वेळी पहिल्याच प्रयत्नात सुरू झाला. ‘शेठ, आता नवीनच घ्या,’ असा सल्ला मिळाला.

अशाच एका सकाळी एक वृद्ध कोळीण हिशेब विचारायला आली. पडदा काळाच होता. ‘मावशी, तुमच्याकडे किती निघतात?’ असे शेवटी व्यापाऱ्यालाच विचारावे लागले. तिने आठवून आकडा सांगितला. दुपारी लॅपटॉप उघडला तेव्हा आकडा तंतोतंत जुळला. तरीही व्यापाऱ्याला चैन पडेना. हिशेब राखणे हे त्याचे काम होते; ते त्या दिवशी ग्राहकाच्या स्मरणशक्तीवर पडले होते.

त्याच संध्याकाळी सर्व खात्यांची प्रत पेन ड्राइव्हवर उतरवली गेली. मग कॉलेजात शिकणारी मुलगी म्हणाली, ‘पप्पा, आता या लॅपटॉपचाही रोजमेळ ठेवू या.’

वहीत तारीख, वेळ, चार्जर जोडला होता की नाही, दिवा, पंखा, पडदा आणि हवा अशी नोंद सुरू झाली. दिवाच लागत नसेल तर संशय चार्जर, वायर वा बॅटरीवर जातो. कंपनीचे चिन्ह दिसून गाडी तिथेच अडली तर डिस्क वा विंडोज तपासावी लागते. दिवा-पंखा चालू आणि पडदा काळा, तर बहुधा मेमरीची पट्टी किंवा पडदा. काळ्या पडद्यावर टॉर्च धरून अंधुक चित्र दिसते का, हेही पाहिले, दिसले नाही. विंडोजमधील ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असताना ‘शट डाउन’ केले तरी यंत्र पुरते बंद होत नाही, म्हणून ती सोय बंद केली. नियम एकच: एका दिवशी एकच बदल, नाहीतर कशाने गुण आला ते कळत नाही.

बारा दिवसांच्या नोंदी वाचताना एक मेळ दिसला. दारातले खड्या मिठाचे पोते ज्या सकाळी ओले असे, त्याच सकाळी लॅपटॉप अडे. हवेतील आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून घेते. समुद्राच्या वाऱ्याबरोबर आलेले क्षार यंत्रातही साचतात. बंद दुकानातील रात्रभरच्या दमट हवेत ते भिजतात आणि दुपारी सुकतात. वातानुकूलित दुकानातील कोरड्या हवेत दोष लपला, त्याचेही कारण हेच असावे.

नोंदवही पाहून कारागिराने या वेळी चार्जर काढला, बॅटरी सोडवली आणि मेमरीची पट्टी बाहेर घेतली. तिच्या सोनेरी संपर्कांवर मळकट थर होता. तो पुसून पट्टी पुन्हा नीट बसवली. रात्री लॅपटॉप सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात जाऊ लागला. उरलेल्या पावसाळ्यात तो एकदाही अडला नाही.

ऑगस्टमध्ये होड्या पुन्हा समुद्रात गेल्या आणि उधारी फिटू लागली. पेन ड्राइव्ह मात्र आजही रोज रात्री घरी जातो, आणि महिनाअखेरीस प्रत्येक खातेदाराला त्याच्या हिशेबाचा छापील कागद मिळतो. पहिला कागद मावशींच्या घरी गेला.