पायताणाचा तळ

घरातील वृद्ध पडले की आपण रक्तदाब मोजतो, साखर तपासतो; पायताण मात्र उलटून पाहत नाही. आपल्या कोल्हापुरीचा चामडी तळ वर्षानुवर्षे टिकतो खरा, परंतु झिजून गुळगुळीत होतो आणि ओल्या फरशीवर घसरतो. रबरी तळाची पकड चांगली. तरी खाचा झिजल्या, किंवा न वापरताही रबर जुने होऊन कडक झाले, की तीही जाते. माझ्या दवाखान्यात येणाऱ्या कित्येक काठ्या तर रबरी टोपण फाटून उघड्या धातूवरच टेकत असतात! टोपण काही रुपयांचे; खुब्याचे हाड मोडले, तर सावरायला महिनोन्महिने लागतात. कोल्हापुरीचा अभिमान मलाही आहे. लग्नकार्यात ती अवश्य घालावी, न्हाणीघराकडे जाताना नको. आजच आईवडिलांची रोजची चप्पल उलटी करून टाचेखाली बोट फिरवा. खाचा बोटाला लागल्या नाहीत, तर ती बदला.