न झालेल्या कुस्त्या

होस्टेलमधले काही वाद वारशाने चालत येतात. सिनिअर पास होऊन जातात, वाद मागे ठेवून जातात. ‘अली भारी की टायसन?’ हा त्यातलाच एक. रात्री अकराला सुरू होतो, आणि दुसऱ्या दिवशी ओरल असेल तर हमखास जास्त रंगतो. आता खरं पाहिलं तर अलीची शेवटची फाईट डिसेंबर १९८१ ची आणि टायसनची पहिली व्यावसायिक फाईट मार्च १९८५ ची. दोघं रिंगमध्ये समोरासमोर येणं शक्यच नव्हतं. म्हणून तर हा वाद इतका लोकप्रिय आहे. यात कुणीच हरत नाही!

पण मित्रांनो, काही फाईट अशा असतात की त्या होऊ शकत होत्या. काळ एकच, वजन एकच, दोघंही तयारीत, लोक पैसे हातात घेऊन उभे, आणि तरी झाल्या नाहीत. अलीच्या काळात क्युबाचा तिओफिलो स्टीव्हन्सन होता. १९७२, १९७६ आणि १९८० अशी तीन ऑलिंपिक सुवर्णपदकं हेवीवेट गटात. दोघांची गाठ घालायच्या गोष्टी खूप झाल्या. पण क्युबात व्यावसायिक खेळाला बंदी, आणि स्टीव्हन्सन देश सोडून डॉलरच्या मागे गेला नाही. दुसरी जोडी रिडिक बो आणि लेनॉक्स लुईस यांची. १९८८ च्या सोल ऑलिंपिकच्या फायनलला लुईसने बोला हरवलं होतं. पुढे १९९२ मध्ये बो व्यावसायिक जगज्जेता झाला, तेव्हा एका संघटनेने सांगितलं, आता लुईसशी लढ. बोने काय करावं? पत्रकारांसमोर त्या संघटनेचा पट्टा चक्क कचऱ्याच्या डब्यात टाकला! व्यावसायिक रिंगमध्ये ते दोघं कधीच भेटले नाहीत.

हे सगळं वाचताना मला मात्र सारखा आमच्याकडचा फड आठवत होता. आमच्या सोलापूर जिल्ह्यात बॉक्सिंगचं वेड नाही, आहे ते कुस्तीचं. आणि न झालेल्या कुस्त्यांच्या बाबतीत आम्ही अमेरिकेच्या तसूभरही मागे नाही.

मी कुर्डुवाडीचा. बऱ्याच जणांना आमचं गाव फक्त गाडी बदलायचं ठिकाण म्हणून माहीत असतं. पुणे-सोलापूर लाईन आणि मिरज-लातूर लाईन आमच्याकडे एकमेकींना भेटतात. ही दुसरी लाईन पूर्वी नॅरोगेज होती, ‘बार्शी लाईट’ची. माझे आजोबा, आम्ही त्यांना तात्या म्हणतो, कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये होते. पगार रेल्वेचा आणि जीव कुस्तीचा! त्या छोट्या गाडीत बसून ते बार्शीकडच्या, पंढरपूरकडच्या जत्रांचे फड बघायला जायचे. कोणता मल्ल कोणत्या साली कुणाबरोबर लढला हे त्यांना तोंडपाठ. पण त्याहून जास्त तोंडपाठ आहे ते, कोण कुणाबरोबर लढला नाही!

ज्यांनी फड पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सकाळी पोरासोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या होतात. मग इनाम वाढत जातं, आणि दिवस कलला की शेवटची, एक नंबरची कुस्ती. हलगी कडकडते, लोक झाडांवर, ट्रॅक्टरवर, शाळेच्या पत्र्यावर चढून बसतात. ही एक नंबरची ‘जोड’ जत्रेच्या पंचकमिटीने आधी ठरवलेली असते, आणि सगळी गंमत त्या ठरवण्यातच असते. मल्लाचं नाव झालं की त्याला नुसतं येण्यासाठी मोठं इनाम मिळतं. तो हरला तर पुढच्या हंगामात इनाम उतरतं. मग वस्ताद विचार करतो, आपल्या पठ्ठ्याला याच्यावर कशाला घालायचा? त्यापेक्षा जरा हलकी जोड घ्यावी, नावही राहील आणि इनामही. समोरचा वस्तादही हाच विचार करतो. म्हणजे लोकांना जी कुस्ती सगळ्यात जास्त हवी असते, तीच लागायची शक्यता सगळ्यात कमी. लोकप्रियतेचा हा उलटा हिशोब आहे. अमेरिकेत वस्तादाच्या जागी प्रमोटर असतो, एवढाच फरक.

तरी पूर्वी मोठ्या कुस्त्या लागायच्या. १९७७ साली बेळगावला आपल्या लातूर जिल्ह्यातल्या हरिश्चंद्र बिराजदारांनी दिल्लीच्या सतपालला हरवलं. सतपाल म्हणजे त्या काळचं उत्तरेतलं सगळ्यात मोठं नाव. तात्या बेळगावला गेले नव्हते, पण वर्णन असं करतात की जणू लंगोट त्यांनीच कसला होता! महाराष्ट्र विरुद्ध दिल्ली हा सवाल त्या दिवशी मातीत सुटला. एक जिंकला, एक हरला. आणि सतपालचं काही कमी झालं का? मुळीच नाही. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत त्याने सुवर्णपदक घेतलं आणि पुढे वस्ताद म्हणून तर तो आणखी मोठा झाला.

त्याच सतपालचा शिष्य आणि पुढे जावई सुशील कुमार. २००८ ला बीजिंगमध्ये कांस्य, २०१२ ला लंडनमध्ये रौप्य. आणि आपल्याकडे नरसिंग यादव. कुटुंब मूळचं उत्तर प्रदेशातलं, पण पोरगा घडला मुंबईत, आणि २०११, २०१२, २०१३ असा सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरी झाला. सुशील आधी ६६ किलोत खेळायचा, नरसिंग ७४ त. पुढे वजनगट बदलले, ६६ किलो राहिलाच नाही, आणि सुशील ७४ त आला. आता दोघं एकाच दारात उभे, आणि ऑलिंपिकला जाणार एकच.

२०१५ ला सुशील जखमी असताना नरसिंगने लास व्हेगासच्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक घेऊन भारतासाठी रिओची जागा मिळवली. सुशील म्हणाला, जागा देशाची आहे, आमची दोघांची कुस्ती लावा, जिंकेल तो जाईल. नरसिंगची बाजूही खोटी नव्हती. जागा मी मिळवली, मग पुन्हा परीक्षा कशाला? प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. ६ जून २०१६ रोजी न्यायालयाने सुशीलची मागणी फेटाळली. सहा मिनिटांत सुटणारा प्रश्न कित्येक आठवडे वकिलांनी लढवला!

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. जून-जुलैमध्ये नरसिंगच्या उत्तेजक चाचण्यांत दोष निघाला. आपल्या खाण्यापिण्यात कुणीतरी मिसळलं असं तो म्हणाला, आणि १ ऑगस्टला राष्ट्रीय संस्थेने त्याला निर्दोष ठरवलं. तो रिओला पोचला. पण जागतिक संस्थेने अपील केलं, आणि १८ ऑगस्टला, म्हणजे त्याच्या कुस्तीच्या आदल्या दिवशी, क्रीडा लवादाने चार वर्षांची बंदी घातली. ७४ किलोत भारताकडून कुणीच मॅटवर उतरलं नाही. सुशील घरी आणि नरसिंग रिओत असून नसल्यासारखा. एक कुस्ती लावली नाही, आणि दुसरी, जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं, तीही गेली.

तात्यांचं यावर एकच म्हणणं. “लावायची की एकदा. मातीचं मातीला.” मला मात्र वाटतं की नरसिंगने नको म्हणण्यात चूक नव्हती, ज्याने जागा मिळवली त्यालाच पुन्हा का तोला? पण एवढं खरं की त्यांच्यातला भारी कोण, हे आता कुणालाच कळणार नाही.

लोकप्रियता कुस्ती कशी गिळते याचा आणखी एक नमुना बघा. नोव्हेंबर २०१७ मध्ये इंदूरच्या राष्ट्रीय स्पर्धेत सुशील तीन वर्षांनी उतरला. उपांत्यपूर्व, उपांत्य आणि अंतिम, तिन्ही फेऱ्यांत समोरच्याने कुस्तीच सोडून दिली. सुवर्णपदक मिळालं, पण बघायला आलेल्यांना कुस्ती मिळाली नाही. आदर असावा. पण खरा आदर ताकद लावून लढण्यात असतो असं आपलं मला वाटतं.

आता घराजवळ या. कुर्डुवाडीहून सोलापूरकडे निघालं की माढ्याच्या पुढे मोहोळ लागतं. सिकंदर शेख तिथला. जानेवारी २०२३ ला पुण्यातल्या महाराष्ट्र केसरीत सिकंदर विरुद्ध शिवराज राक्षे अशी फायनल व्हावी म्हणून लोक देव पाण्यात घालून बसले होते. पण आपल्याच जिल्ह्यातल्या महेंद्र गायकवाडविरुद्धच्या कुस्तीत एका डावाला महेंद्रला चार गुण दिले गेले आणि सिकंदर बाहेर पडला. त्या चार गुणांवरून चहाच्या टपऱ्यांवर महिनाभर भांडणं चालली. जो तो मोबाईलवर तोच डाव पुढे-मागे करून दाखवायचा. सुदैवाने ही उधारी लवकर फिटली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फुलगावला सिकंदर आणि शिवराज फायनलला भेटले, आणि सिकंदरने काही सेकंदांत गदा घेतली. भांडणं एका संध्याकाळीत बंद!

पण तोवर दुसरंच सुरू झालं होतं. २०२२ नंतर राज्यातल्या कुस्ती संघटनांमध्ये फूट पडली आणि महाराष्ट्र केसरी दोन-दोन व्हायला लागल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ महाराष्ट्र केसरी झाला, आणि मार्चमध्ये त्याच जिल्ह्यातल्या कर्जतला आपल्या सोलापूरचा वेताळ शेळके महाराष्ट्र केसरी झाला. दोघांचंही अभिनंदन. दोघांनीही घाम गाळूनच गदा मिळवली. पण एका हंगामात एका राज्याचे दोन केसरी, मग खरा कोण? बॉक्सिंगमध्ये चार संघटनांचे चार पट्टे आहेत म्हणून आपण हसायचो. आता कुणाला हसणार?

हे सगळं मोठ्या लोकांचं झालं. यामागे मल्लाचं नेमकं काय जातं, हे मला घरातच कळलं. माझा चुलतभाऊ, मी त्याला दादा म्हणतो, सात वर्षं तालमीत होता. पहाटे चारला उठून जोर-बैठका, दूध-बदाम, घरच्या दोन म्हशींचं दूध डेअरीला न जाता त्याच्या पोटात. शेजारच्या तालुक्यातल्या एका पैलवानाबरोबर त्याची जोड लागावी असं दोन्हीकडच्या लोकांना फार वाटायचं. २०१९ ला ठरली, तर त्या पैलवानाचा खांदा निखळला. २०२० ला पुन्हा ठरली, पोस्टर छापली, आणि लॉकडाऊन आलं. २०२१ लाही जत्रा बंद. खुराकाचा खर्च काही बंद होत नाही. शेवटी काकांनी एक म्हैस विकली आणि दादा साखर कारखान्यात हंगामी कामाला लागला. आता उसाच्या गाड्या मोजतो. वजन वाढलंय, गुडघा दुखतो.

गेल्या दिवाळीत मी त्याला विचारलं, “दादा, लागली असती तर जिंकला असतास का रे?”

तो म्हणाला, “काय सांगावं? तो भारीच होता. पण हरलो असतो तरी चाललं असतं. काय ते कळलं तरी असतं.” मग जरा थांबून म्हणाला, “लोक अजून म्हणतात, तूच मारली असतीस. ते ऐकलं की जास्त वाईट वाटतं.”

मला वाटायचं, न झालेल्या कुस्तीत कुणी हरत नाही. बघणाऱ्यांपुरतं ते खरं आहे. आपण वर्षानुवर्षं वाद घालतो, मजा येते. पण ज्याने त्यासाठी सात वर्षं दिली, त्याच्या हातात काय उरतं? हरलेल्याला निदान कुठे कमी पडलो ते कळतं, पुढच्या वर्षी तो भाग पक्का करता येतो. आपल्या भाषेत सांगायचं तर नापास झालेल्याला मार्क कळतात. मार्कलिस्टवर ‘गैरहजर’ असलेल्याला तेही कळत नाहीत. आणि मल्लाला सप्लिमेंटरी नसते. त्याची उमेदीची वर्षं पाच-सहा. मेवेदर आणि पॅकियाओची फाईट २००९ पासून गाजत होती, झाली २ मे २०१५ ला. तोवर एक अडतीस वर्षांचा, दुसरा छत्तीसचा. पैसा रग्गड मिळाला, पण बघणारे म्हणाले की भाकरी शिळी झाली. आमच्या दादाला तर शिळीही मिळाली नाही.

म्हणून जाता जाता एक विनंती. आपल्या वार्षिक क्रीडास्पर्धेच्या बोर्डावर ‘वॉकओव्हर’ हा शब्द फार दिसतो. सबमिशन आहे, समोरची टीम भारी आहे, कशाला इज्जत घालवा, अशी कारणं असतात. यंदा तसं करू नका. सिव्हिलवाल्यांनो, मेकॅनिकलशी कबड्डी हरायची असेल तर हरा, पण मैदानात येऊन हरा! गेल्या वर्षी तुम्ही आलाच नाहीत, आणि आम्ही खरंच भारी आहोत की नाही हे आम्हाला अजून कळलेलं नाही.

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)